फुंकणी

आज सकाळी बावीस बार काढले. नळी सहा वेळा पुसली. हे दोन्ही आकडे मी वहीत शेजारी शेजारी लिहितो. काळ्या दारूच्या रायफलीची वही ठेवायची आणि तिच्यात गोळी कुठे लागली तेवढंच लिहायचं, तर पुढच्या खेपेला ती वही काही सांगत नाही.

काळी दारू म्हणजे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. हे प्रमाण शाळेच्या पुस्तकातही सापडतं. पुस्तकात सहसा नसतं ते असं, की ही दारू जळून झाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही, तो घनच राहतो. त्यातला काही पांढऱ्या धुरातून बाहेर पडतो आणि उरलेला नळीच्या अंगाला बसतो. पुढची गोळी त्या थरावरून जाते, तिच्या पुढची आणखी जाड थरावरून. म्हणजे दोन बार सारखे हवे असतील तर दोन बारांमधली काजळी सारखी हवी. या छंदात मी अकरा वर्षं घालवली. त्यातली नेम धरायला शिकण्यात गेली ती थोडी. बाकीची या काजळीचा स्वभाव ओळखण्यात गेली.

*

माझी रायफल स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातली, 1884च्या नमुन्याची. तिला ट्रॅपडोअर म्हणतात. पोटमाळ्याची झडप उचलावी तशी नळीच्या मागच्या टोकावरची झडप अंगठ्याने वर उचलायची, एक काडतूस सरकवायचं, झडप खाली दाबायची, घोडा पूर्ण ओढायचा. एका वेळी एकच. बार झाल्यावर झडप पुन्हा उघडली की रिकामी पुंगळी मागे उडून पडते.

या झडपेचा जन्म काटकसरीतून झाला. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 साली संपलं तेव्हा सरकारकडे ठासणीच्या बंदुकांचा प्रचंड साठा होता. स्प्रिंगफील्डचा मुख्य कारागीर अर्स्किन अॅलिन याने त्या नळ्यांचं मागचं टोक वरून कापून त्यावर झाकण बसवलं. पुढे 1873 साली नळी नवी, छोट्या व्यासाची झाली, पण झाकणाची कल्पना तीच राहिली. मी भोसरीच्या टूलरूममध्ये नऊ वर्षं काढली आहेत. जुन्या मालातून नवं काम काढणाऱ्या माणसाबद्दल मला आतून आदर वाटतो.

*

काडतुसाचं नाव पंचेचाळीस-सत्तर. पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, ढोबळमानाने 0.45 इंच. दुसरा दारूच्या वजनाचा, 70 ग्रेन. मूळची गोळी 405 ग्रेनची.

ग्रेन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काही येत नसे. मग एकदा हिशेब केला. ब्रिटिश आमदानीत तोळा 180 ग्रेनचा ठरला. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे एक गुंज 1.875 ग्रेन. 405 ग्रेनची गोळी बरोबर सव्वादोन तोळ्यांची. 70 ग्रेन दारू सदतीस गुंजांच्या किंचित वर. सव्वादोन तोळे शिसं आणि त्यामागे सदतीस गुंजा दारू, असं म्हटलं की माझ्या तळहाताला ते वजन कळतं.

*

रायफल घेतली तेव्हा पहिलं काम केलं ते नळी मोजण्याचं. मऊ शिशाचा गोळा तेल लावून नळीतून हळूहळू ठोकत पार करायचा. नळीच्या आतल्या खाचा आणि उंचवटे त्याच्यावर उमटतात. मग तो मोजायचा. इथे गंमत आहे. या नळीत खाचा तीन. तीन असल्यामुळे एका खाचेच्या समोर खाच येत नाही, उंचवटा येतो. साधा मायक्रोमीटर अशा वेळी खोटं सांगतो. त्याला व्ही-आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर लागतो, तीन धारांच्या कटरसाठी वापरतात तो. तो माझ्याजवळ भोसरीपासून होता, कापडात गुंडाळलेला, समुद्रापार आणलेला.

माप निघालं 0.462. बाजारातली तयार गोळी 0.458ची. चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार सहस्रांश, कमी. टूलरूममध्ये चार थाऊ ढिला तुकडा कुणी तपासणीला पाठवला नसता. गोळी मऊ असेल तर दारूचा धक्का तिला मागून चेपून नळीभर फुगवतो आणि बरंचसं भागतं. तिला नळीच्या मापाचीच ओतली तर सगळं भागतं. म्हणून मी साचा करून घेतला.

*

ओतकाम थंडीत करतो, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून. 20 भाग शिसं, 1 भाग कथील. शिसं वितळतं 327 अंशांना, कथील 232 अंशांना. कथील नसेल तर शिसं साच्याच्या कोपऱ्यात शिरायला कुरकुरतं, गोळीच्या कडा बोथट येतात. चिमूटभर मेण वरून टाकून ढवळलं की मळ वर येतो आणि खालचा रस आरशासारखा दिसतो.

हा चकाकता रस मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा तेव्हा. तापल्या पातेल्यात नवसागराचा धूर, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाचा बोळा फिरवला की काळं पातेलं चांदीचं व्हायचं. कथील पसरतं, धरून ठेवतं. गोळीतही ते हेच करतं.

साचा गार असला की गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला की ती दुधी होते. पहिल्या पंधरावीस गोळ्या परत भांड्यात. मग हाताला लय सापडते: पळी, ओत, थांब, ठोक, उघड. ती लय तुटली की वजन हलतं. शंभर गोळ्या ओतल्या की सगळ्या तोलतो. ज्या हलक्या त्यांच्या पोटात पोकळी. वरून त्या अगदी देखण्या असतात.

भांड्याजवळ पाणी नको. घामाचा थेंबही वितळलेल्या शिशात पडला तर वाफ होऊन शिसं अंगावर उडतं. चष्मा, जाड हातमोजे, पायात बूट. काम संपेपर्यंत चहा नाही, तोंडाला हात नाही, आणि नंतर साबणाने कोपरापर्यंत धुणं. शिसं शरीरात साठतं. आमच्या घरी लहान मुलं येतात तेव्हा ती भट्टी मी पेटवत नाही.

*

वंगण: मधमाशीचं मेण, लोकरीतून निघणारं लॅनोलिन, थोडं ऑलिव्ह तेल. खनिज तेलाची ग्रीस काळ्या दारूच्या आचेत डांबरासारखी चिकट होते. साडेबत्तीस इंचांची लांब नळी आहे. वंगण कमी पडलं तर ते शेवटच्या वितीआधीच संपतं आणि तिथे काजळी दगडासारखी बसते. पुरेसं असलं की नळीच्या तोंडाभोवती काळपट ओली चांदणी उमटते. बार झाल्यावर मी आधी तिच्याकडे बघतो, मग निशाणाकडे.

*

पुंगळीत दारू ओतताना ती धबकन ओतायची नाही. हातभराहून लांब पितळी नळी पुंगळीवर धरायची आणि तिच्यातून दारू रिमझिम सोडायची. दाणे एकमेकांत नीट बसतात, तेवढ्याच जागेत जास्त मावते. वर जाड पुठ्ठ्याची चकती, मग ती चकती थोडी दाबायची, मग गोळी. दारू आणि गोळी यांच्यामध्ये रिकामी जागा राहता कामा नये. काळ्या दारूत ती पोकळी नळीला फुगा आणू शकते.

आजच्या पुंगळ्यांचं बूड भरीव आणि जाड असतं, जुन्यांचं पातळ होतं. म्हणून मूळचे 70 ग्रेन आता सहज मावत नाहीत. नव्या माणसाला वाटतं आपलं काहीतरी चुकतंय. त्याचं काही चुकत नसतं, पुंगळी बदलली आहे.

*

हे टिपण इतर टिपणांत हरवू नये म्हणून मोकळ्या जागेत लिहितो.

या जुन्या रायफलींत आधुनिक बिनधुराची दारू घालू नका. ती काळ्या दारूच्या मापाने भरली तर रायफल फुटते, आणि फुटते ती चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. शिवाय पंचेचाळीस-सत्तर नावाची तयार काडतुसं आजही दुकानात मिळतात. त्यातली काही आजच्या मजबूत पोलादासाठी मुद्दाम जोरकस केलेली असतात. ती ट्रॅपडोअरच्या झडपेत आरामात शिरतात. शिरतं म्हणजे चालतं असं नाही. एका ओळखीच्या माणसाकडे झडपेचा तुकडा आहे, छपराच्या वाशात घुसलेला होता तो. त्याचा डोळा वाचला तो चष्म्यामुळे.

माझ्या वहीतलं दारूचं माप माझ्या नळीचं आहे. ते मी कुणाला देत नाही, इथेही देणार नाही.

*

आता फुंकणी.

काडतुसाची रिकामी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडाला भोक पाडून रबरी किंवा प्लास्टिकची नळी बसवायची. बार झाला की झडप उघडायची, ही पुंगळी काडतुसाच्या जागी मागून बसवायची आणि नळीतून सावकाश श्वास सोडायचा. आठ वेळा. चष्म्याची काच पुसण्याआधी आपण सोडतो तसा ऊबदार, ओला श्वास. नळीच्या तोंडातून निळसर धूर डुलत बाहेर येतो. काजळी पाणी शोषून घेणारी असते. श्वासातला ओलावा तिला पुरतो. ती मऊ होते, पुढची गोळी तिला साबणासारखी लोटत नेते.

इंग्रजीत याला ब्लो ट्यूब म्हणतात. मला पहिल्याच दिवशी माझ्या आजीची फुंकणी आठवली. पावसाळ्यात ओली लाकडं धुमसायची, आजी डोळे मिटून फुंकणीला तोंड लावायची आणि आमच्यातल्या कुणी घाईने फुंकलं तर राख उडून भाकरीवर पडायची. ती म्हणायची, जोर नको, दम हवा. मैदानावर शेजारच्या अमेरिकन मुलाला मी हेच सांगितलं, माझ्या इंग्रजीत. त्याने पुढचे पाच बार बशीएवढ्या जागेत बसवले.

*

आजोबांकडे राजापूर तालुक्यात ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. भातात डुकरं शिरली की बार काढायचा आणि त्यांना हाकून लावायचं, एवढंच तिचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराशी ती उघडी पडलेली असे. चुलाण्यावरचं कढत पाणी नळीत ओतायचे, काळं पाणी बाहेर, परत ओतायचे, शेवटी पांढरं येईपर्यंत. सडक्या अंड्याचा वास न्हाणीभर. मग चिंधीला खोबरेल.

तो वास गंधकाचा, आणि पाणी लागतं ते सोऱ्यामुळे. जळून उरलेले क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेलाने पुसलेली नळी स्वच्छ दिसते आणि आठवड्यात गंजते. आजोबांना क्षारांचं रसायन कुणी शिकवलं नव्हतं. मी आज गरम पाणी आणि भांड्यांचा साबण वापरतो. त्यांच्या पद्धतीत सुधारणा करण्यासारखं मला काही सापडलेलं नाही.

*

जुलै. न्यू मेक्सिकोत रॅटनजवळ आलो आहे, डेन्व्हरहून दक्षिणेला साडेतीन तास. उंची साडेसहा हजार फुटांच्या आसपास, हवा कोरडी ठणठणीत. मैदानाच्या हद्दीतून जुन्या सांता फे मार्गाच्या चाकोऱ्या गेलेल्या अजून दिसतात.

इथे पोलादी प्राण्यांवर नेम धरतात. 200 मीटरवर कोंबड्या, 300वर डुकरं, 385वर टर्की, 500वर मेंढे. प्रत्येकी दहा, मिळून चाळीस बार. कोंबड्या उभ्याने मारायच्या, हाताच्या आधारावर. बाकीच्यांना दोन काठ्यांची कात्री टेकण म्हणून चालते. नुसता लागून उपयोग नाही, प्राणी पडला पाहिजे.

कोरड्या हवेत काजळी दहा मिनिटांत विटेसारखी होते. घरी आठ फुंकांत भागतं, इथे बारा लागल्या, आणि दुपारी तेवढ्यानेही भागेना. शेवटी प्रत्येक बारानंतर ओली चिंधी. कोकणातल्या दमट हवेत ही काजळी आपोआप लोण्यासारखी राहिली असती. मात्र संध्याकाळपर्यंत नळीला तांब धरली असती.

*

500 मीटरवरचा मेंढा. चाप ओढला की आधी खांद्याला धक्का, तोही ठोसा नव्हे, रेटा. मग समोर धुराची भिंत. आपल्याला काहीच दिसत नाही. गोळी पोचायला दीड सेकंद, आवाज परत यायला आणखी दीड. मनात एक, दोन, तीन म्हणायचं. तीनला लोखंडाचा ठण्ण आवाज आला तर आला.

ते तीन सेकंद मला फार आवडतात. हातातलं सगळं करून झालेलं असतं.

*

क्रीडमूर. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं हे मैदान 1873 साली सुरू झालं. पुढच्या वर्षी, 26 सप्टेंबर 1874 रोजी, तिथे आयर्लंड विरुद्ध अमेरिका असा सामना झाला. दोन्हीकडे सहा-सहा जण, 800, 900 आणि 1000 यार्डांवर प्रत्येकी पंधरा बार. काळा मध्य लागला तर चार गुण. आयरिश संघ त्या काळातला नावाजलेला, त्यांच्या हातात रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, आणि स्वतः जॉन रिग्बी संघात. अमेरिकनांकडे शार्प्स आणि रेमिंग्टनच्या, मागून काडतूस घालायच्या. मागून भरायची रायफल लांब पल्ल्यावर ठासणीच्या बरोबरीला येणार नाही असं तोवर पुष्कळ जाणकार मानत.

आयरिशांच्या मिल्नरने एक गोळी काळ्या मध्यात बसवली, पण शेजारच्या निशाणावर. शून्य गुण. शेवटी आयरिशांची बेरीज 931. अमेरिकनांची 930, आणि एक बार शिल्लक, जॉन बोडीनचा. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली हातात फुटून त्याचा तळवा कापला होता. रुमाल बांधलेल्या हाताने त्याने बार काढला. चार. 934 विरुद्ध 931.

मिल्नरचे ते चार गुण धरले असते तर आयरिश 935वर होते. म्हणून या सामन्याने मागून भरायची रायफल श्रेष्ठ ठरली असं म्हणणं मला पटत नाही. ठरलं ते इतकंच, की ती बरोबरीची आहे. एवढंही त्या काळात फार मोठं होतं, कारण ठासणीची बंदूक जात्याच प्रत्येक बारागणिक पुसली जाते आणि मागून भरणाऱ्याला ती शिस्त मुद्दाम पाळावी लागते. त्या दिवशी अमेरिकनांनी ती पाळली.

*

एकेचाळीस नंबरची पुंगळी मानेशी चिरली. फेकली. वाईट वाटलं, दहा वर्षं चालली.

*

पुंगळी चिरण्यावरून. ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, काडतुसं तबेल्यांत ठेवली जात, आणि पावसाळा संपला की कितीतरी पितळी पुंगळ्या तडकलेल्या निघत. कुणी हात लावलेला नाही, बार नाही, आणि तडा. उलगडा 1921 साली झाला: घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, आणि पितळ ओढून पुंगळी करताना धातूत कोंडलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ फाटतं. उपाय सोपा निघाला. पुंगळी बेताने तापवून तो ताण सोडवायचा.

मी दर चार-पाच बारांनंतर पुंगळ्यांच्या माना तापवतो, तो हाच उपाय. आणि अमोनियाचं कुठलंही द्रव्य पितळेला लावत नाही. चिंच किंवा लिंबूसत्व घातलेलं कोमट पाणी पुरतं, देवघरातल्या समईला पुरतं तसं.

*

शनिवारी एक सत्तरीचे गृहस्थ मार्टिनी-हेन्री घेऊन आले. ब्रिटिश फौजेने 1871 साली स्वीकारलेली ही रायफल: 480 ग्रेनची गोळी, 85 ग्रेन दारू, खालचा दांडा ओढला की आतला ठोकळा पुढून झुकतो. त्यांनी मला बोलावलं ते रायफल दाखवायला नव्हे. नळीवर काही खोदलेलं होतं. हे तुम्हाला वाचता येईल का, त्यांनी विचारलं.

देवनागरी आकडे होते. मी मोठ्याने वाचले.

ही रायफल नेपाळची. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात राणांच्या काळातली हत्यारं शतकभर रचून ठेवलेली होती. 2003 साली अमेरिकी व्यापाऱ्यांनी तो साठा विकत घेतला आणि हजारो मार्टिनी-हेन्री इकडे आल्या. त्या गृहस्थांनी पाच वर्षं त्या खुणांना नक्षी समजून तेल लावलं होतं. आकडे कळल्यावर त्यांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतले, माझ्याकडून देवनागरी अंक गिरवून घेऊन.

त्यांच्या पुंगळ्या छऱ्याच्या 24 बोअर बंदुकीच्या पितळी पुंगळ्या दाबून केलेल्या. मूळच्या पुंगळ्या पितळी पत्रा गुंडाळून केलेल्या असत. नळी तापली, काजळी आणि वाळू बसली की तो पत्रा आत चिकटून फाटे. सुदानच्या मोहिमेत, 1885 साली, भर लढाईत अशा रायफली अडकल्या. त्यानंतर अखंड ओढलेल्या पितळेकडे वळण्याची निकड सगळ्यांना पटली.

*

मार्टिनी हातात घेतली तेव्हा मैवंदची लढाई मनात आली. 27 जुलै 1880, अफगाणिस्तान. गोऱ्यांच्या 66व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मुंबई लष्कराच्या दोन पलटणी, पहिली ग्रेनेडियर्स आणि तिसावी जेकब्ज रायफल्स, यांच्याकडे स्नायडर. स्नायडर म्हणजे जुनी ठासणीची बंदूक मागून कापून बनवलेली. 1857 नंतर देशी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागचं हत्यार द्यायचं, हे ठरवून केलेलं धोरण होतं. सुमारे अडीच हजारांच्या त्या फौजेतले जवळजवळ हजार लोक त्या दिवशी मेले. रायफल बदलली असती तर निकाल बदलला असता असं मी म्हणत नाही. पण एकाच रांगेतल्या दोन माणसांना अविश्वासापायी दोन प्रतींची हत्यारं देणं, हा अन्याय होता. त्या शिपायांची आठवण या छंदातल्या लोकांनी ठेवायला हवी. ब्रिटिशांची हत्यारं जमवणारे मार्टिनीवर पानंच्या पानं बोलतात आणि स्नायडरवाल्या मुंबईच्या पलटणींपाशी गप्प होतात.

*

सोरा. भिंतीला लोणा लागतो, पोपडे पडतात, आपण गवंड्याला बोलावतो. बिहारमधले नोनिया लोक जुन्या भिंतींची आणि गोठ्यांची तशीच माती खरवडून, पाण्यात मुरवून, आटवून सोरा काढत. ईस्ट इंडिया कंपनीने तो जहाजंच्या जहाजं भरून नेला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा, 1861च्या अखेरीस, उत्तरेच्या बाजूने दारू कारखानदार लॅमॉट ड्यू पॉन्ट लंडनला गेला आणि तिथे मिळेल तेवढा हिंदुस्थानी सोरा त्याने विकत घेतला. त्याच सुमारास उत्तरेच्या आणि इंग्रजांच्या सरकारांत बिनसलं, इंग्रजांनी तो माल अडवला आणि तेढ मिटल्यावरच सोडला.

अमेरिकेच्या त्या युद्धातल्या दारूत बिहारच्या गोठ्यांची माती होती. इथल्या जाणत्या लोकांनाही हे सांगावं लागतं. आपल्याकडे माझगावात गन पावडर रोड आहे आणि खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. तिथून रोज जाणाऱ्या कितीजणांना या वस्तूचा पल्ला ठाऊक असेल.

*

लिटल बिगहॉर्नची लढाई 25 जून 1876ची. अमेरिकी सेनाधिकारी कस्टर याच्या घोडेस्वारांकडे माझ्याच जातीच्या, आखूड नळीच्या ट्रॅपडोअर होत्या, आणि पुंगळ्या तांब्याच्या. तांबं मऊ, तापलेल्या, काजळी बसलेल्या नळीत पुंगळी अडके आणि चाकूने उकरावी लागे. पराभवाचं खापर पुष्कळांनी या पुंगळ्यांवर फोडलं. 1983 साली तिथलं गवत वणव्यात जळालं, जमीन उघडी पडली, आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी ते रान पद्धतशीर तपासलं. उकरल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या थोड्याच निघाल्या. कस्टर हरला तो तिथल्या मूळ रहिवासी टोळ्यांच्या संख्येपुढे आणि स्वतःच्या निर्णयांमुळे. पुंगळीला दोष द्यायचा तेवढा द्यावा, अधिक नको.

*

अमेरिकेच्या 1968च्या कायद्याने 1898 किंवा त्याआधी बनलेली बंदूक पुराणवस्तू ठरते. आपल्याकडे तसं नाही. गावी माळ्यावर आजोबांची बंदूक सापडली तर आधी परवान्याचं बघा, पोलीस ठाण्यात कळवा, आणि ती भरलेली आहे असंच धरून चाला. ठासणीच्या बंदुकीत कित्येक वर्षांपूर्वी ठासलेला बार तसाच असू शकतो आणि काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही.

*

रॅटन, दुसरा दिवस. पहाटे सहाला रायफल काढली. रात्री थोडा पाऊस शिंपडून गेला होता, हवेत ओल होती. नवव्या फुंकेला नळीच्या तोंडाशी धूर जड झाला, खाली वाकला. काजळी ओली झाल्याची ती खूण. चांदणी पूर्ण, सगळीकडे सारखी.

कोंबड्या तीन. डुकरं सात. टर्की पाच. मेंढे आठ. चाळीसपैकी तेवीस. फुंका प्रत्येक बारामागे नऊ. ओल्या चिंध्या चार, चारही दुपारी.